मिरजेची सतार आणि आमचा पावसाळा
काल गंगापूर रोडवरच्या घरी दोन महिन्यांनी सतार काढली, नाशिकच्या पावसाळी दमट हवेनं तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) पार उतरलेल्या, एकेक खुंटी पिळत सुरात आणता आणता तास गेला पण जवारी (घोडीवरून तारांना मिळणारा झणझणीत नाद) बोलली आणि अंगावर काटाच आला बघा. ही मिरजेची, भोपळा पंढरपूरकडचा. मिरजेतले शिकलगार आधी तलवारींना धार लावायचे, मग तेच हात वाद्यांकडे वळले, मला हे फार भारी वाटतं! तिकडे मध्य प्रदेशातल्या मैहरला महाराजा ब्रिजनाथ सिंहांच्या दरबारी अल्लाउद्दीन खाँसाहेब होते, स्वतः सरोदिये, पण रविशंकर सतार शिकले ते त्यांच्याच तालमीत. आज परत यमन रागाची आलापी, मिझराबनं (तार छेडायच्या तारेच्या नखीनं) बोट दुखतंय तरी.