आमची वाटचाल : रोशाचं तेल आणि त्या कड्याची गोष्ट

पावसाळा सरला की धडगावच्या डोंगरात रोशा हे सुगंधी गवत फुलोऱ्यावर येतं आणि आमची भट्टी पेटते. वडिलांची डेग, म्हणजे गवत उकळून तेल काढायचं भांडं, लोखंडी. तेलाला रंग चढायचा, धुराचा वास लागायचा. मी स्टीलची टाकी घेतली, बॉयलर वेगळा बसवला. टनभर ओल्या गवताला चार किलो तेल उतरलं तरी पावलं म्हणायचं. सेपरेटरमध्ये पाण्यावर तरंगणारा तेलाचा थर आजही मीच काढतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मधली वर्षं बरी गेली.

मग करोना आला आणि जो तो 'जंतुनाशक' मागू लागला. एका व्यापाऱ्याने आमच्या निम्म्या भावात 'शुद्ध रोशा' काढला, सोबत लॅबचा रिपोर्ट. पेट्रीडिशमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत, स्टॅफिलोकोकस जंतू, मधोमध तेलाची कागदी चकती, भोवती जंतू न वाढलेलं गोल कडं. आमच्या तेलापेक्षा काकणभर मोठंच! गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली. बँकेचा हप्ता थकला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

अहो, जंतू मारतं ते मुख्यतः जिरॅनिऑल, तेलातला मुख्य घटक. पेशीचं आवरणच खिळखिळं करतं. रोशात ते पाऊण हिश्शाच्या आसपास असतंच, पण कारखान्यात बनवलेलंही बाजारात मिळतं. जंतूला काय, दोन्ही सारखीच! भेसळ पकडायची तर जीसी, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा दाखवणारी गॅस क्रोमॅटोग्राफी, काढावी लागते.

जळगावचे आमचे साबणवाले काका मात्र हलले नाहीत. दोन्ही तेलं वासपट्टीवर लावून रात्रभर ठेवली. सकाळी एक पट्टी हुंगली आणि म्हणाले, "हा रोशा. ते दुसरं नुसतंच गोड." जीसीचा खर्च त्यांनीच केला. आमच्या आलेखात जिरॅनिऑलसोबत रोशातले बाकीचे घटक, जिरॅनिल ॲसिटेट, लिनॅलूल, ऑसिमीन सगळे जागच्या जागी. त्या व्यापाऱ्याच्या आलेखात जिरॅनिऑलचा एकच सुळका आणि पुढे माळरान. काकांनी हंगामाची उचल आगाऊ दिली, त्यावर भट्टी पेटली. गेलेली गिऱ्हाइकंही परतली, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. तो व्यापारी आता गवती चहाचं तेल विकतो.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कडं बघून तेल घेऊ नका. डिशमधलं कडं म्हणजे जखम बरी होण्याची हमी नव्हे, आणि ई. कोलायसारख्या दुहेरी आवरणाच्या जंतूंपुढे पुष्कळ तेलं ढिली पडतात. नुसतं तेल अंगाला चोळू नका, खोबरेलात चार थेंब पुष्कळ झाले. बाटली गडद काचेची घ्या आणि काठोकाठ भरा. सुटं तेल आम्ही देत नाही, किलोच्या खाली तर नाहीच.