विषय: परवानगी मिळणेबाबत

"मंडपाचं असेल तर महापालिकेचा कागद आधी दाखवा."

टेबलावरच्या पोलीसदादांनी मान वर न करता सांगितलं. मी म्हटलं, मंडपाचं नाही, पीएच.डी.चं आहे. तेव्हा त्यांनी मान वर केली, माझ्या मागे उभ्या असलेल्या ढोलपथकाच्या पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग इथं कशाला आलात?"

दोन महिने मीही स्वतःला हेच विचारत होते.

माझा विषय बीटवरचा (म्हणजे गस्तीसाठी नेमून दिलेल्या भागातला) पोलीस आणि वस्तीतला माणूस यांच्यातलं नातं. म्हणजे मोहल्ला समिती, शांतता समिती, पोलीस मित्र, ग्रामसुरक्षा दल हे सगळं कागदावर असतं तसंच चौकीत असतं का, ते बघायचं. डोक्यात शिरला तो भिवंडीमुळे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या बांधल्या. पोलिसांनी आणि दोन्हीकडच्या साध्यासुध्या माणसांनी नियमित एकत्र बसायचं, भांडण लहान असतानाच ऐकायचं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे वाचल्यावर वाटलं, आपल्या नाशिकमध्ये असं बसणं होतं का, आणि होत असेल तर चहा पिऊन उठतात की काही बोलतात? गाईडना विषय आवडला, नोंदणी झाली, कोर्सवर्क झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते एका पोलीस कार्यालयाचं. कुठलं ते लिहीत नाही. नाशिकमध्ये शहराचं आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणच्या अधीक्षकांचं घर वेगळं, त्यामुळे ओळखत बसू नका. (पण हा फरक तुम्ही मात्र लक्षात ठेवा. सातपूर, पंचवटीसाठी एक पत्र आणि सिन्नर, निफाडसाठी दुसरं. एकाची परवानगी दुसरीकडे चालत नाही.)

जून २०२४. मी छान टाईप केलेलं पत्र नेलं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, "संशोधनासाठी माहिती मिळणेबाबत." टपाल शाखेतल्या बाईंनी पहिली ओळ वाचली, पुढचं पत्र वाचलंच नाही, शिक्का मारला. मीही खूश. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, पोलीस खातं बदललंय हो.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. "आपला अर्ज विहित नमुन्यात नाही व त्यास दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प जोडलेले नाही." म्हणजे "माहिती" हा शब्द दिसला आणि माझं पत्र माहिती अधिकाराच्या टेबलावर गेलं. मी दोनशे पोलिसांकडून प्रश्नावली भरून घ्यायची परवानगी मागत होते. तिकडे मुदत मात्र अगदी कायद्याप्रमाणे पाळली होती, तीस दिवसांच्या आत. कौतुक करावं की रडावं ते कळेना.

माहिती अधिकाराचं निघालंच आहे तर सांगून टाकते, कारण पुढे मी तो खरंच वापरला आणि तो चालला. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असते, ती पाळा. "का" विचारू नका. "शांतता समितीच्या बैठका कमी का झाल्या" याला उत्तर मिळत नाही. "तीन वर्षांत किती बैठका झाल्या, तारखा व इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात" याला मिळतं. तपासाधीन गुन्ह्याच्या जवळपास जाऊ नका, माहिती नाकारायला कलम ८ तयारच असतं. उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. आणि त्याआधी कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती वाचा. निम्मं तिथेच सापडतं, अर्ज वाचतो.

तर, दुसरं पत्र. आता मी शहाणी झाले होते. "माहिती" काढून टाकलं आणि विषयात लिहिलं, "परवानगी मिळणेबाबत."

मोरमुकुट घालून नाचावं असं शहाणपण. परवानगी म्हटल्यावर पत्र गेलं परवानग्या देणाऱ्या टेबलावर, जिथे लाउडस्पीकर, मिरवणुका, ऑर्केस्ट्रा आणि मोर्चे असतात. ऑगस्ट उजाडला होता. शहरात मंडळ तिथे अर्ज, अशी परिस्थिती. माझं पत्र त्या ढिगात कुठे गेलं ते त्या टेबलालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला फक्त आवक क्रमांक माहीत होता, आणि तो मी कुलदैवताच्या मंत्रासारखा दर आठवड्याला म्हणायचे.

"साहेब राउंडला गेलेत."

"साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगला आहेत."

"गणपती होऊ द्या मॅडम."

गणपती झाले. नवरात्र आलं. "दसरा होऊ द्या." दसरा झाला आणि तीन दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली. मग तर कुणी काही बोलायची गरजच उरली नाही. नुसता हात वर करायचे, पाऊस दाखवावा तसा.

त्या बाकड्याची मला आता पाठ ओळख झाली आहे. लोखंडी, तिघांचं, मधली पट्टी सुटलेली. नवीन माणूस बरोबर मध्ये बसतो आणि चिमटा बसून उठतो. आम्ही नेहमीचे दोन कडांना बसतो. समोर लाकडी कपाट, त्यावर लाल फितीने बांधलेले गठ्ठे, आणि सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा. एकदा एक आजोबा शेजारी बसले होते, भाडेकरूच्या पडताळणीसाठी आलेले. मला म्हणाले, "तुमची काय चोरी झाली?" मी म्हटलं, पत्राची. त्यांना ते पटलं, मान हलवून म्हणाले, "त्याची एनसी तरी घेतात का बघा." (एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.)

राग आला तर वहीत लिहायचं असं मी ठरवलं होतं. तारीख, किती वाजता पोचले, कोण काय म्हणालं, किती वेळ बसले. अकरा फेऱ्या झाल्या. एका फेरीत सव्वादोन तास बसून मला कळलं ते इतकंच, की ज्यांना विचारायचं ते इंदिरानगरला सासऱ्यांकडे गेलेत, रजा आहे. माझा राग माणसांवर कमी आणि टेबलांवर जास्त आहे. कमी म्हणजे आहेच. पण खरं सांगायचं तर त्या दादांनी एकदाही आवाज चढवला नाही. रात्रभर मिरवणुकीत उभं राहून सकाळी टेबलावर येणारा माणूस माझ्याशी याहून बरं काय बोलणार होता? फक्त माझा कागद त्यांचा नव्हता, आणि "हा कागद आमचा नाही, पण कोणाचा आहे ते सांगतो" एवढं एक वाक्य त्या कार्यालयात कुणाच्या कामात बसत नव्हतं.

सुटका झाली ती डिसेंबरात, तीही चुकून. मी चुकीच्या मजल्यावर गेले. तिथे एका वरिष्ठांचे रीडर बसले होते, वयस्क हवालदार, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझी पोच पाहिली, पत्राची माझ्याकडची प्रत वाचली. पूर्ण वाचली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण वाचली असेल. मग म्हणाले, "ताई, यात मार्फत कुठंय?"

मार्फत!

"तुम्ही परस्पर लिहिलंय. पत्र प्राचार्यांमार्फत यायला पाहिजे, कॉलेजच्या लेटरहेडवर, त्यांचा जावक क्रमांक टाकून. म्हणजे ते कार्यालयाकडून कार्यालयाला आलेलं होतं, मग ते प्रशासनाकडेच येतं. आणि विषयात नुसती परवानगी लिहू नका. 'पीएच.डी. संशोधनाकरिता पोलीस अंमलदारांकडून प्रश्नावली भरून घेणेबाबत' असं सगळं लिहा. लांब होऊ द्या. सोबत प्रश्नावली जोडा, मराठीत. इंग्रजी जोडली तर पुन्हा कुणीतरी बाजूला ठेवेल."

मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतलं. नऊ दिवसांत परवानगी आली. नऊ! बाहेर येऊन गाडीवर बसले आणि पाच मिनिटं हसत होते, पार्किंगवाला बघत राहिला.

परवानगीला तीन अटी होत्या. कोणाचं नाव घ्यायचं नाही, चालू तपासाबद्दल विचारायचं नाही, आणि प्रबंधाची एक प्रत कार्यालयाला सादर करायची. शिवाय प्रश्नावलीतला एक प्रश्न लाल शाईने खोडला होता. "बदलीची भीती कामावर परिणाम करते का?" गंमत म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला जे सात निर्देश दिले, त्यात ठरावीक मुदतीआधी बदली होऊ नये आणि बदल्या आस्थापना मंडळाने ठरवाव्यात, हेही आहे. देशाचं न्यायालय ज्यावर बोललं ते मी विचारायचं नाही. मी वाद घातला नाही. सहा महिने बाकड्यावर बसलेला माणूस एका प्रश्नासाठी वाद घालत नाही. आणि खरं सांगू, न विचारताच निम्म्या लोकांनी ते सांगितलं.

प्रत्यक्ष काम त्यामानाने झरझर झालं. फक्त पहिल्या ठाण्यात चूक केली. फॉर्मवर कोपऱ्यात अनुक्रमांक छापले होते, ००१, ००२ असे, माझ्या सोयीसाठी. एका शिपायाने फॉर्म हातात घेतला, तो आकडा बघितला आणि विचारलं, "हा माझ्या बक्कल नंबरसमोर लिहून घेणार का?" (बक्कल नंबर म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक.) त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना "समाधानकारक" वर टिक केलं. चोवीस फॉर्म वाया. दुसऱ्या दिवशी आकडे काढून पुन्हा झेरॉक्स मारल्या, आणि भरलेले फॉर्म टाकायला एक चपलांचा रिकामा खोका नेला, वरून फट पाडलेला. त्या खोक्याने जे काम केलं ते माझ्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणाने केलं नसतं.

एका ठाण्याच्या पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांना मी कॅन्सस सिटीच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेत १९७२-७३ मध्ये पंधरा बीट घेतली, पाचांत नेहमीची गस्त बंद केली, पाचांत दुपटी-तिपटीने वाढवली, पाचांत आहे तशी ठेवली. वर्षभराने गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक दिसला नाही. साहेब मनापासून ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, माझ्या हद्दीत एक रात्र गस्त बंद करा, सकाळी नगरसेवक दारात. त्यांच्याकडे गुन्हे मोजतात, आमच्याकडे गाडी दिसली की नाही ते मोजतात." हे वाक्य मी प्रबंधात नाव न घालता जसंच्या तसं टाकलंय. माझ्या मते ते माझ्या चाळीस पानांच्या चर्चेपेक्षा सरस आहे.

दुसरे एक हवालदार, निवृत्तीला आलेले, २७ ऑगस्ट २००३ च्या कुंभातल्या चेंगराचेंगरीच्या दिवशी पंचवटीत ड्यूटीला होते. त्यांना मी समुदायाभिमुख पोलीसिंग, म्हणजे लोकांना सोबत घेऊन केलेलं पोलीसकाम, म्हणजे काय वाटतं असं विचारलं. शब्द ऐकून ते गप्प बसले. मग म्हणाले, "कोणत्या गल्लीला दुसरं तोंड नाही, हे दुकानदाराला माहीत असतं. त्याला आधी विचारायचं असतं." मी पेन खाली ठेवलं.

आता आठवेल तसं. पोच तुमच्या प्रतीवर घ्या, वेगळ्या चिठ्ठीवर नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिन्ही. ठाण्यात जायचं तर ड्यूटी बदलायच्या अर्धा तास आधी नको आणि नंतर लगेचही नको. रेकॉर्डिंग विसरा, मोबाईल खिशातच ठेवा. समोरचा मोबाईलकडे बघून बोलायचं थांबतो. महिला अंमलदारांशी बोलायचं तर स्वतंत्र बसा, ठाणे अंमलदारासमोर नाही. ओळखीने काम होईल असं कुणी म्हणालं तर ऐका आणि सोडून द्या. माझ्या एका मामेभावाच्या ओळखीने मला अकरापैकी दोन फेऱ्यांत चहा मिळाला, बाकी काही नाही. आणि कार्यालयात जाण्याआधी कॅलेंडर बघा, पंचांगच बघा खरं तर. रामनवमीनंतरचा रथ, गणपती, रंगपंचमीच्या रहाडी (रंग खेळायचे जुने हौद). आता सिंहस्थाची तयारी सुरू आहे, म्हणजे पुढचे काही महिने विचारूच नका.

ती रागाची वही मी गाईडना दाखवली होती. म्हटलं, परिशिष्टात घालू का, पोलीस आणि नागरिक यांच्यातला संवादच आहे. सरांनी पूर्ण वाचली, दोन ठिकाणी हसले, आणि म्हणाले, "ही सामग्री नाही, ही तक्रार आहे." वही परत दिली.

प्रबंध मार्चमध्ये बांधून येईल. तिसऱ्या अटीप्रमाणे एक प्रत टपालात द्यायची आहे, प्राचार्यांमार्फत. पत्र तयार आहे, जावक क्रमांकही पडला आहे, विषयाची ओळ तीन ओळींची झाली आहे. रहाडी उघडायच्या आत जाऊन यायला हवं.