२,९४,००० किलोमीटरची नाइन-इलेव्हन, आण्णा आणि स्टेल्व्हिओचा घाट

माझ्या गाडीचे मायलेज फार जास्त आहे, असे मी एकदा सांगलीला फोनवर सांगितले, तेव्हा आण्णांनी मोठ्या समाधानाने विचारले, “म्हणजे लिटरला किती पडतं?” आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरमागे पडणारे अंतर, आणि इथे जर्मनीत माझे सहकारी ज्याला जास्त मायलेज म्हणून नाक मुरडतात ते गाडीने आजवर कापलेले अंतर, हा घोळ निस्तरायला त्या दिवशी बराच वेळ लागला. खरा आकडा ऐकल्यावर मात्र आण्णांचा सूर बदलला नाही. एसटीच्या आगारात तीस वर्षे इंजिने उघडलेल्या माणसाला तीन लाख किलोमीटरची गाडी म्हणजे नुकतीच रुळलेली गाडी वाटते.

ही गाडी म्हणजे २००३ सालची पोर्श ९११ करेरा, ज्या पिढीला जाणकार ९९६ या अंतर्गत क्रमांकाने ओळखतात. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले ३.६ लिटरचे, आडव्या सहा सिलिंडरचे इंजिन, ३२० अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे सहा गिअर. मी ती २०१६ साली घेतली तेव्हा तिच्यावर १,८२,००० किलोमीटर होते आणि नव्या मध्यम आकाराच्या मोटारीपेक्षा ती स्वस्तात मिळाली. त्याला दोन कारणे होती. एक म्हणजे हे अंतर, आणि दुसरे म्हणजे ९९६ला मिळालेली सावत्र वागणूक. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या या मालिकेतले इंजिन तोवर हवेवर थंड होत असे, ते या पिढीपासून पाण्यावर थंड होऊ लागले. शिवाय या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे दिवे याच कंपनीच्या कमी किमतीच्या बॉक्स्टरसारखेच असल्याने जुन्या भक्तांनी त्यांची ‘अर्धवट तळलेले अंडे’ म्हणून टर उडवली. वस्तुतः नव्वदीच्या दशकात आर्थिक गाळात रुतलेल्या कंपनीला वर काढण्यात या दोन गाड्यांचाच मोठा हात होता. मला ते दिवे आवडतात, हेही एकदा लिहून टाकतो.

जूनमध्ये आण्णा स्टुटगार्टला आले, तेव्हा त्यांना याच गाडीतून इटलीतल्या स्टेल्व्हिओच्या घाटात न्यायचे ठरले. निघण्याआधीच्या शनिवारी आम्ही दोघांनी तिचा पुढचा बंपर उतरवला. पाणी थंड करणारे रेडिएटर या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांसमोर असतात आणि बंपरच्या तोंडातून आत शिरलेला पाचोळा त्यांच्यावर साचून ओला राहतो, मग जाळीला गंज धरतो. दरवर्षी मी हे काम करतो, तरी उजव्या बाजूने ओंजळभर कुजलेली चेस्टनटची पाने, दोन सिगारेटची थोटके आणि कुठल्याशा पक्ष्याचे एक पीस निघाले. आण्णांनी जुन्या टूथब्रशने एकेक पाते विंचरल्यासारखे साफ केले आणि माझ्या मदतीची फारशी दखल घेतली नाही.

सकाळी सहाला निघालो. मागच्या दोन नावापुरत्या आसनांवर पिशव्या, धपाट्यांचा डबा आणि आण्णांची काठी. उल्मपर्यंत ए-आठ महामार्ग आणि तिथून थेट दक्षिणेला फ्युसेनपर्यंत ए-सात असा हा मार्ग आहे. वेगमर्यादा नसलेल्या टप्प्यावर मी किती पळवतो अशी अनेकांना उत्सुकता असते, पण मी बहुतेक वेळ १३०च्या आसपासच असतो, कारण रोजच्या वापरातल्या गाडीचे टायर आणि पेट्रोल आपल्याच खिशातून जातात. मागचे टायर तर पुढच्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झिजतात. आण्णांना मात्र दुसरेच कोडे पडले होते. आयुष्यभर चालकाच्या शेजारी घरघरणारे इंजिन ऐकलेले ते मान वळवून म्हणाले, “आवाज मागनं येतोय, म्हणजे आपण इंजिनच्या पुढं पळतोय की काय?”

फ्युसेनच्या बोगद्यातून ऑस्ट्रियात उतरलो आणि पाऊस सुरू झाला. फर्नपासच्या चढाला लागल्यावर गाडीच्या आवाजात किंचित खोट आली. मला ती जाणवली नव्हती. आण्णा म्हणाले, “एक सिलिंडर मारत नाही.” त्यानंतर काही क्षणांनी इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळते, म्हणून पाय हलका ठेवून, कमी फेऱ्यांवर, मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न मुकाट ऐकत लांडेक गाठले.

तिथल्या एका छोट्या गॅरेजमध्ये दुपारच्या जेवणाची सुटी होती, तरी मालकाने अर्ध्या तासासाठी गाडी उचलून धरणारी लिफ्ट मोकळी करून दिली. कोड वाचणाऱ्या यंत्रावर ‘पी ०३०४’ आले, म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हते. मागचे उजवे चाक काढले, दोन स्क्रू सोडवले आणि ठिणगीसाठी वीज पुरवणारा इग्निशन कॉइल हातात आला. वरवर पाहता तो धडधाकट होता. आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून तो उजेडात फिरवला आणि अंगठ्याचे नख त्याच्या काळ्या प्लॅस्टिकवरून सावकाश ओढले, तेव्हा एका ठिकाणी नख अडकले. केसाएवढी चीर होती. कोरड्या हवेत तिने कधी त्रास दिला नसता, पण पाणी आत गेले की वीज त्या चिरेतूनच पळ काढते. दोष सर्वस्वी माझा होता. दोन वर्षांपूर्वी सहापैकी चारच कॉइल मी बदलले होते आणि उरलेल्या दोघांपर्यंत हात पोचायला अवघड म्हणून ते ‘पुढच्या वेळी’वर ढकलले होते. सुदैवाने पुढच्या डिकीत एक सुटा कॉइल होता. एवढे अंतर झालेल्या गाडीतून आल्प्समध्ये जाताना एक कॉइल, एक पट्टा, लिटरभर तेल आणि पाण्याची बाटली मी बरोबर घेतोच. गॅरेजमालकाने पैसे घेतले नाहीत. धपाटी घेतली.

पुढचा प्रवास निर्विघ्न झाला. रेशेनच्या खिंडीतून इटलीत शिरल्यावर तळ्यातून वर आलेला ग्राउनच्या चर्चचा मनोरा दिसतो. १९५० साली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची तेवढीच खूण उरली आहे. आण्णांनी तिथे गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कोयनेकाठी त्यांच्या मामाचे गाव होते.

रात्री घाटाच्या पायथ्याच्या प्राडला राहिलो आणि पहाटे, मोटारसायकलींच्या झुंडी उठायच्या आत, घाट चढू लागलो. स्टेल्व्हिओचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला, कारण लोम्बार्डी तेव्हा त्यांच्या ताब्यात होते आणि टिरोलहून तिथे जायला थेट वाट हवी होती. प्राडच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणे आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाचा दगड आहे. चढताना हे आकडे उतरत जातात. झाडी संपल्यावर सगळा उरलेला रस्ता समोरच्या कड्यावर टाक्यांसारखा दिसू लागतो, तेव्हा आंबा घाट कैक वेळा उतरलेल्या आण्णांनीही खुर्चीत जरा सावरून घेतले.

इथे या गाडीचा स्वभाव कळतो. वळणात शिरताना पुढचा भाग हलका वाटतो, म्हणून ब्रेक आधीच सरळ रस्त्यावर संपवून दुसऱ्या गिअरमध्ये यावे लागते. एकदा का नाक आत वळले आणि पाय पेडलवर टेकला, की मागच्या इंजिनाचे सारे वजन चाकांना जमिनीत दाबते आणि गाडी वळणातून उपटल्यासारखी बाहेर येते. वळणाच्या मध्येच घाबरून पाय उचलणे मात्र तिला खपत नाही. वीस वर्षांच्या या गिअरच्या दांड्याची घडण अजून घट्ट आहे, चामडे तेवढे माझ्या तळहाताच्या आकाराचे गुळगुळीत झाले आहे. एका कॅम्परव्हॅनमागे सहा वळणे रखडलो, तेव्हा आण्णांची नजर रस्त्याऐवजी तापमानाच्या काट्यावर होती. काटा हलला नाही. टूथब्रशचे श्रेय त्यांनी न बोलता घेतले.

२,७५७ मीटरवर कडाक्याचा वारा होता. एका नव्याकोऱ्या ९११चा मालक आमच्या गाडीभोवती फिरून गेला आणि किती झाले म्हणून त्याने विचारले. आकडा ऐकून त्याने ‘त्या’ बेअरिंगबद्दल विचारले, जसे सगळेच विचारतात. या इंजिनांमधल्या इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे आतल्या एका फिरत्या दांड्याचे, बेअरिंग निकामी होऊन अख्खे इंजिन गेल्याची उदाहरणे आहेत आणि त्या धास्तीने अनेक जण गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. मी क्लच बदलताना, गिअरबॉक्स उतरलेलाच होता म्हणून, ते बेअरिंग बदलून घेतले. तेल दर १०,००० किलोमीटरला बदलतो, थंड इंजिन कधी ताणत नाही आणि हिवाळ्यात बर्फाचे टायर चढवून कामावर जातो. झाकून ठेवलेल्या गाडीचे रबर वाळते, टायर दगडासारखे होतात आणि बॅटरी मरते. पैसे तरीही लागतातच. वाहनकर तर उभ्या गाडीलाही तेवढाच, वर्षाला २४३ युरो. त्या गृहस्थांनी आपल्या गाडीचा आकडा सांगितला: चार वर्षांत ६,०००.

परतताना उंब्राइलच्या खिंडीतून स्वित्झर्लंडच्या कोपऱ्यात उतरलो आणि म्युस्टाइरमार्गे पुन्हा रेशेनच्या रस्त्याला लागलो. उतारावर ब्रेकऐवजी गिअरने गाडी धरल्याबद्दल आण्णांकडून या प्रवासातली एकमेव शाबासकी मिळाली.

घरी पोचण्याआधी टाकी काठोकाठ भरली. आण्णांनी माझी सर्व्हिसची वही मागून घेतली, आगारातल्या लॉगशीटसारखे रकाने पट्टीने आखले आणि हिशेब मांडला: ८२६ किलोमीटर, ८६ लिटर, लिटरला ९.६. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण आमच्या जुन्या लाल बसच्या आकड्यांशी ताडून पाहत असावेत. खालच्या ओळीत त्यांनी लिहिले, “चार नंबर कॉइल बदलला. पाच नंबर बाकी,” आणि ‘बाकी’खाली दोनदा रेघ ओढली.