फिट्झजेराल्ड वाचन: 'टेंडर'ने तक्ता मोडला

अमेरिकी लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या कथा-कादंबऱ्या वाचून त्यांची तुलना एका तक्त्यात मांडणं चाललंय. त्यात 'बॅबिलॉन रिव्हिजिटेड' (1931) ही कथा किती झकास पार पडली होती! रिट्झ बारमधला बारमन पॉल म्हणतो, क्रॅशमध्ये (1929 च्या शेअरबाजार कोसळण्यात) तुमचं बरंच गेलं म्हणे. नायक चार्ली म्हणतो, गेलं, पण जे हवं होतं ते सगळं तेजीतच घालवलं. तक्त्यातल्या 'स्वप्नाची किंमत' या रकान्यात इतकी थेट नोंद आधी नव्हती. त्याच जोरावर 'टेंडर इज द नाइट' (1934) ही कादंबरी सहज उरकेल असं वाटत होतं.

मागवलेली जुनी प्रत उघडली, तर पहिल्याच पानावर 1917, झुरिक आणि तरुण डॉक्टर डिक डायव्हर! मूळ कादंबरी जिथे सुरू होते तो फ्रान्सच्या रिव्हिएराचा किनारा कुठाय? तिथे येणारी तरुण नटी रोझमेरी कुठाय? म्हणजे ही समीक्षक माल्कम काउलीने घटनाक्रम बदलून काढलेली 1951 ची आवृत्ती. विक्रेत्याने 'मूळ संहिता' असं ठोकून दिलं होतं, आणि आता परत घेत नाही म्हणतो. सेकंडहँड घेताना मुखपृष्ठाचा नको, अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. पाच भाग दिसले तर काउली, तीन दिसले तर 1934.

बरं, काउलीची लुडबुड म्हणून सोडूनही देता येत नाही, हीच खरी डोकेदुखी. फिट्झजेराल्डने स्वतःच आपल्या प्रतीची पानं सुटी करून क्रम बदलला होता. डिसेंबर 1938 मध्ये त्याने संपादक पर्किन्सला लिहिलं की खरी सुरुवात, म्हणजे स्वित्झर्लंडमधला तरुण मानसोपचारतज्ज्ञ, पुस्तकाच्या मधोमध दडून बसलीये. मग आपण कुठला क्रम धरायचा? छापला तो, की लेखकाला नंतर हवासा वाटला तो?

शेवटी 1934 चा पाठ डाउनलोड करून घेतला (भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, त्यामुळे हा 2001 पासून मोकळा). ई-रीडरवर दोन पाठ ताडून पाहणं म्हणजे छळ आहे. सरळ प्रिंट काढा आणि पेन्सिल घ्या.

डिकची बायको निकोल हिच्या खरेदीचा परिच्छेद बघा. रंगीत मणी, मध, लव्हबर्ड्स, रबरी मगर, सोन्या-हस्तिदंताचा प्रवासी बुद्धिबळाचा संच. आणि लगेच पुढे: तिच्यासाठी शिकागोहून गाड्या सुटतात, च्युइंगगमच्या कच्च्या मालाचे कारखाने धुमसतात, ब्राझीलच्या कॉफीमळ्यांत माणसं राबतात. 1934 च्या क्रमात आपण रोझमेरीसोबत डायव्हर मंडळींवर फिदा असतो, तेव्हाच हे अंगावर येतं. काउलीकडे तोवर निकोलचा आजार, तिच्या माहेरच्या वॉरन घराण्याचा पैसा, तिच्यासाठी डॉक्टर 'विकत घेण्याचा' बेत, सगळं कळलेलं असतं. चटका निम्मा होतो. माझं मत 1934 च्या क्रमाला.

'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीत (1925) नायक गॅट्सबीच्या शर्टांचा ढीग पाहून त्याची प्रेयसी डेझी रडते, पण शर्ट शिवणारं कुणी दिसत नाही. त्याच्या पार्ट्यांनंतर सोमवारी मागच्या दाराने जाणारा पिळलेल्या संत्र्या-लिंबांचा ढीग, एवढाच काय तो इशारा. नऊ वर्षांनी अख्खे कारखानेच पानावर आले.

हे लिहिता लिहिता 'ॲब्सोल्युशन' (1924) ही कथा आठवली, आणि विचारांची गाडी सुटली! ती मुळात गॅट्सबीच्या लहानपणाचं चित्र व्हायची होती. गूढ टिकावं म्हणून कादंबरीतून काढली, असं त्यानेच नंतर पत्रात लिहिलंय. म्हणजे 1924 मध्ये नायकाचं मूळ झाकणारा लेखक 1938 मध्ये म्हणतो, मूळ पहिल्या पानावर हवं. काउलीकडच्या पहिल्या भागाचं नावच 'केस हिस्टरी', आणि तेही फिट्झजेराल्डच्याच टिपणातलं. मधे मंदी येऊन गेली; झगमगाटाचं कोडं राखण्यात त्याला रस उरला नव्हता, माणूस कशाने ढासळला ते त्याला आधी सांगायचं होतं. वाचायला मला 1934 आवडतो, पण तक्त्यात आता दोन्ही 'टेंडर' स्वतंत्र ओळींवर येणार, आणि 'भूतकाळ कधी उघड होतो' हा नवा रकानाही.

फक्त 'विंटर ड्रीम्स' (1922) ही कथा या मांडणीत बसत नाही. तिथे नायक डेक्स्टर पहिल्याच ओळींत कॅडी (गोल्फच्या काठ्या उचलणारा पोऱ्या) म्हणून भेटतो, बापाच्या गावातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या किराणा दुकानासकट. झाकपाक नाहीच. त्यामुळे 'द क्रॅक-अप' (1936) हे आत्मपर लेख पुढे ढकलून आधी ती पुन्हा वाचणार, आणि मासिकातल्या पाठावरूनच. 1926 च्या कथासंग्रहात तिची नायिका जूडी हिच्या घराचं वर्णन गाळलंय, कारण ते त्याने डेझीच्या घराला देऊन टाकलं होतं. कुणाकडे मासिकातल्या पानांचं स्वच्छ स्कॅन असेल तर कळवा.