रिंगा नव्या, धूर तोच

वडिलांची शंभर सीसीची मोटरसायकल निळा धूर ओकायला लागली तेव्हा गॅरेजवाल्याने पिस्टनभोवतीच्या नुसत्या रिंगा बदलून दिल्या. तीनशे किलोमीटर झाले तरी धूर तसाच, ऑइलही कमी होतच होतं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं, तर ते झटकन वाढलं; ऑइलने रिंगेभोवतीची फट बुजली होती. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता, बोअरचाच होता, पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीचा.

सिलिंडरचा ब्लॉक उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरात, बोअर कातून मोठा करून देणाऱ्या एका बोरिंगवाल्या काकांकडे नेला. स्लीव्ह, म्हणजे बोअरचं अस्तर, आतून आरशासारखी चकाकत होती. मला वाटलं, चांगलं आहे की! काका म्हणाले, "अरे, तिथंच घोटाळा आहे. असल्या गुळगुळीत भिंतीवर ऑइल थांबत नाही, रिंग बसत नाही." त्यांनी मोजलं: मूळ 50 मिलिमीटरचा बोअर वर 50.12, खाली 50.03. वरची रिंग जिथं थांबून उलटी फिरते, तिथं उष्णता जास्त आणि ऑइलचा थर पातळ, म्हणून झीजही तिथंच.

स्लीव्ह बिडाची. बिडातलं ग्राफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं. वरच्या रिंगेला कडक क्रोमचा मुलामा असतो आणि क्रोम-बिडाची जोडी छान जमते. क्रोमच्या बोअरमध्ये क्रोमची रिंग घातली तर मात्र दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. हे कळल्यावर मला रिंगेच्या पाकिटाकडे बघायची नजरच आली.

काकांनी आधी ओव्हरसाइज, म्हणजे 0.25 मिलिमीटरने मोठा, पिस्टन आणायला लावला. पिस्टन मोजून मग बोरिंग, शेवटी होनिंग, म्हणजे दगडाने बारीक घासणं. आत तिरप्या रेघांची बारीक जाळी उमटली. ऑइल धरतं ते त्या रेघांतच.

ब्लॉक मी स्वतः धुतला, पेट्रोलने नाही, गरम साबणाच्या पाण्याने. होनिंगची कुरुंदाची पूड पेट्रोलने निघत नाही. ऑइल लावलेलं पांढरं फडकं आत फिरवलं की राखाडी व्हायचं. चौथ्यांदा ते पांढरंच निघालं. मग एकेक रिंग बोअरमध्ये सरळ सरकवून फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी तिच्या दोन टोकांमधली फट तपासली. वरच्या रिंगेची 0.20 मिलिमीटर आली. फट ठेवली नाही तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग मोडते. रिंगेवरच्या खुणेची बाजू वर ठेवून फटी एका रेषेत येणार नाहीत अशा बसवल्या.

पहिले पाचशे किलोमीटर वेग कमी-जास्त करत चालवली आणि ऑइल बदललं. आज सकाळी वडिलांनी गार इंजिनाला किक मारली. मी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून बसलो होतो. त्यावर ऑइलचा एक डाग नाही.