तुम्ही विचारलेत म्हणून : फायटर का नाही मिळाले?

मी हवाई दलात वैमानिक होतो असे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कोणते विमान?" एएन-३२ या मालवाहू विमानाचे नाव सांगितले, की विचारणारा किंचित अडखळतो आणि मग सौजन्याने आवाज खाली आणून म्हणतो, "म्हणजे फायटर नाही मिळाले का?" सैनिक शाळेतली मुले हे विचारतात तेव्हा त्यात नुसते कुतूहल असते. पालक विचारतात तेव्हा त्यात काळजी असते, कारण त्यांचा मुलगा किंवा मुलगी खडकवासल्याच्या एनडीएत नाहीतर हवाई दलाच्या दुंडिगलच्या अकॅडमीत असते आणि "आमच्या घरीही असेच झाले तर?" हा त्यांचा खरा प्रश्न असतो. नातेवाईक का विचारतात ते मी आजवर शोधलेले नाही. उत्तर एका वाक्यात देता येते : मी फायटर मागितले होते, ते मिळाले नाही, आणि वाईटही वाटले. परंतु कोणाला कोणते विमान मिळाले, या वाटपाकडे लोक गुणपत्रिका म्हणून पाहतात, आणि तेथेच त्यांचा अंदाज चुकतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वैमानिक म्हणून निवड होण्याआधीच बरीच चाळण झालेली असते. निवड मंडळाच्या मुलाखती आणि मैदानी चाचण्या वेगळ्या. शिवाय वैमानिक होण्याची अंगभूत क्षमता तपासणारी एक चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. आमच्या वेळी तिला पीएबीटी म्हणत, आता ती संगणकावर होते. तिच्यात नापास झालेल्या मुलाला सैन्याचे इतर दरवाजे खुले राहतात, हवाई दलाच्या विमानाची खुर्ची मात्र कायमची बंद होते. वैद्यकीय तपासणीत डोळे आणि हृदय तर पाहतातच, पण पायांची, मांडीची आणि बसल्यावरच्या उंचीचीही मोजमापे घेतात. मांडीची लांबी ६४ सेंटिमीटरहून अधिक असू नये असा दंडक आहे, कारण इजेक्शनच्या, म्हणजे संकटात विमानाबाहेर पडण्याच्या, वेळी खुर्ची वर फेकली जाते तेव्हा लांब मांड्यांचे गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटण्याचा धोका असतो. एकूण काय, दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत उड्डाणासाठी पोहोचलेला प्रत्येक जण आधीच निवडून घेतलेला असतो. तेथून पुढे फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी जी विभागणी होते, ती या निवडलेल्या मुलांमध्ये होते.

आमची सुरुवात एचपीटी-३२ या पिस्टन इंजिनाच्या विमानावर झाली आणि पुढे किरण जेट आले. एचपीटी-३२ विमाने २००९ मध्ये जमिनीवर आणली गेली आणि २०१३ पासून पहिला टप्पा स्विस बनावटीच्या पिलाटस पीसी-७ वर होतो. पिलाटसमध्ये प्रशिक्षक मागच्या खुर्चीत असतात. आमच्या दोन्ही विमानांत ते शेजारी बसत. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांचे हात डोळ्यांच्या कोपऱ्यातून सतत दिसत असत. उतरताना त्यांचा हात मांडीवर स्वस्थ असेल तर आपले बरे चालले आहे असे समजायचे, आणि तो हळूच स्टिककडे सरकू लागला की आपण अजून पाहिलेले नाही असे काहीतरी त्यांनी पाहिले आहे हे ओळखायचे. एके दिवशी ते उतरून जातात, रिकाम्या खुर्चीचे पट्टे नीट बांधून ठेवतात आणि तुम्ही एकटे सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची एक फेरी, मारून येता. पहिल्या सोलोबद्दल लोक फार विचारतात. खरे सांगायचे तर तो आनंद लवकर ओसरतो, कारण त्यानंतर लूप, रोल, स्पिन, फॉर्मेशन आणि इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग असे एकेक प्रकरण येते आणि प्रत्येक सॉर्टीनंतर, म्हणजे प्रत्येक उड्डाणानंतर, प्रशिक्षक शेरा लिहितात. ठराविक सॉर्टींमध्ये जमले नाही, की उड्डाण थांबवले जाते आणि मुलगा दुसऱ्या शाखेत जातो.

विभागणी या शेऱ्यांवर, गुणानुक्रमावर, तुम्ही लिहून दिलेल्या पसंतीवर आणि दलाला त्या वर्षी कोठे किती वैमानिक हवे आहेत यावर ठरते. शेवटचा मुद्दा घरच्यांना कधीच माहीत नसतो. फायटरच्या ४२ स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची पथके, मंजूर आहेत, परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यानंतर त्या २९ उरल्या. जागा स्क्वॉड्रनप्रमाणे येतात, त्यामुळे एका तुकडीत जो मुलगा सहज फायटरला गेला असता तोच दुसऱ्या तुकडीत येलहंकाला, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या प्रशिक्षणाला, जातो. गुणानुक्रमात वर असलेल्या सगळ्यांनाच फायटरला पाठवले जाते असेही नाही, कारण इतर दोन्ही प्रवाहांनाही चांगली माणसे लागतात.

माझ्या कागदांवर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगपुढे "उत्तम" आणि एअरोबॅटिक्सपुढे "समाधानकारक" असा शेरा होता. सैन्याच्या भाषेत समाधानकारक म्हणजे जेमतेम, हे त्या भाषेत राहिलेल्यांना सांगायला नको. प्रशिक्षक हे पाहत असतात, की मुलगा नवी गोष्ट किती वेळा दाखवल्यावर उचलतो, आणि विमान वेगाने स्थिती बदलत असताना तो पुढचा विचार करत असतो की मागे पडलेला असतो. फायटरमध्ये वैमानिकाने चुकीच्या क्षणी अर्धा सेकंद घेतला, तर तो भरून काढायला शेजारी कोणी नसते. मला तो अर्धा सेकंद लागत असे. ढगात, केवळ यंत्रांकडे पाहून विमान तासभर सरळ आणि नेमके नेणे मात्र मला मनापासून आवडत असे, आणि बरोबरीच्या अनेकांना त्याचाच कंटाळा येई. हे माझ्या प्रशिक्षकांना माझ्याआधी कळले होते.

ट्रान्सपोर्ट म्हणजे उरलेल्यांची जागा, हा समज पूर्णपणे निराधार नाही, हेही सांगायला हवे. फायटरच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे हकीमपेठला किंवा बीदरला हॉक या प्रशिक्षण जेटवर, ज्यांचा वेग कमी पडतो त्यांतल्या काहींना ट्रान्सपोर्ट किंवा हेलिकॉप्टरला पाठवतात. इजेक्शनमध्ये मणक्याला इजा झालेले काही फायटर वैमानिकही पुढे आमच्याकडे येतात. उलट दिशेने कोणी जात नाही. बाहेरच्या माणसाने यावरून उतरंड मांडली, तर त्याला फार दोष देता येत नाही. मात्र आत राहिलेल्याला ती उतरंड पहिल्या हिवाळ्यानंतर आठवतही नाही.

तो पहिला हिवाळा मी चंडीगडला काढला. लेहची फेरी म्हणजे पहाटे अंधारात हवामानाचे ब्रीफिंग आणि उजाडता उजाडता उड्डाण, कारण दुपारी त्या खोऱ्यात वारा उठतो आणि काम बंद करावे लागते. विमानात दोन्ही बाजूंच्या बाकांवर रजेवरून परतणारे जवान आणि मध्ये जाळीखाली बांधलेल्या पेट्या, भाजी, टपालाच्या पिशव्या. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. तेथे हवा विरळ असल्यामुळे वेगदर्शक चंडीगडसारखाच आकडा दाखवतो, परंतु विमानाचा खरा वेग बराच जास्त असतो आणि जमीन भलत्याच घाईने अंगावर येते. नव्या को-पायलटला हे वर्गात शंभरदा सांगितलेले असते, तरी पहिल्यांदा त्याचा हात थ्रॉटलकडे जातोच. सर्वसाधारणपणे एका दिशेने उतरायचे आणि त्याच्या उलट दिशेने उडायचे, कारण धावपट्टीच्या एका टोकाला डोंगर चढत जातो. खोऱ्यात एका ठराविक ठिकाणापर्यंत विमान वळवून परत आणता येते. त्यापुढे गेल्यावर उतरणे भाग असते. त्या ठिकाणी पोहोचताना समोरचा ढग किती खाली आहे, हे पाहून कॅप्टनने ठरवायचे. मागे बसलेल्या जवानांना परत चंडीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये कुडकुडत बसवावे असे कोणालाही वाटत नाही, आणि नेमके म्हणूनच तो निर्णय कठीण असतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला नॅव्हिगेटर, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनियर यांचे ऐकून, त्यांच्यातल्या वयाने मोठ्या माणसाचे मत प्रसंगी बाजूला ठेवून, "परत फिरा" म्हणता येणे हे या प्रवाहाचे खरे शिक्षण आहे.

या प्रवाहातल्या पराक्रमाची चर्चा कमी होते, म्हणून दोन मराठी नावे मुद्दाम सांगतो. काराकोरमच्या पायथ्याशी १६,००० फुटांहून उंचावर असलेल्या दौलत बेग ओल्डीच्या मातीच्या पट्टीवर १९६२ मध्ये पहिल्यांदा पॅकेट हे मालवाहू विमान उतरवले ते स्क्वॉड्रन लीडर राजे यांनी. साठच्या दशकातच तो तळ विमानांसाठी बंद पडला, आणि चार दशकांहून अधिक काळानंतर ३१ मे २००८ रोजी तेथे पुन्हा एएन-३२ उतरवले ते ग्रुप कॅप्टन चाफेकर यांनी. अलीकडचे म्हणाल तर एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधल्या वादी सैय्यिदना येथे, धावपट्टीवर दिवा नसताना, नाइट व्हिजन गॉगलच्या साह्याने सी-१३०जे हे मालवाहू विमान उतरवून १२१ भारतीयांना बाहेर काढले गेले. त्या रात्रीच्या वैमानिकांना कोणी "फायटर नाही मिळाले का?" असे विचारले असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

वाटप बावीस-तेविसाव्या वर्षी इतर लोक करतात. पुढचे निर्णय मात्र बरेचसे आपल्या हातात असतात, आणि त्यांबद्दल मला फारसे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न प्रशिक्षक व्हायचे की नाही. त्यासाठी तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमध्ये जावे लागते, आणि दुसऱ्याच्या हातातले उड्डाण खरोखर बिघडेपर्यंत हात मांडीवर ठेवायला शिकावे लागते. मी तो मार्ग घेतला आणि माझ्या स्वभावाला तो मानवला. दुसरा प्रश्न बढतीचा. विंग कमांडरपर्यंतची बढती ठराविक सेवेनंतर होते. त्यापुढे निवड असते आणि जागा झपाट्याने कमी होत जातात. वरच्या पदांवर फायटर वैमानिकांचा वरचष्मा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडचे प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी हे दोन्ही हवाई दलप्रमुख फायटरचे, आणि हेलिकॉप्टर वैमानिक प्रथमच प्रमुख झाला तो २००७ मध्ये, फली होमी मेजर यांच्या रूपाने. ज्याला चाळिशीनंतरही मुख्यतः पदच हवे आहे, त्याने हे गणित आधी समजून घ्यावे.

तिसरा प्रश्न वीस वर्षांच्या सेवेनंतरचा, कारण तेव्हा निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. माझी वीस वर्षे भरत आली तेव्हा स्पाइसजेट आणि इंडिगो नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि वैमानिकांची टंचाई होती. येथे ट्रान्सपोर्टवाल्याचे पारडे जड असते : फायटरची सॉर्टी बहुधा तासाभराची, आमची अनेक तासांची, त्यामुळे लॉगबुकात बहुइंजिनी विमानाचे तास भराभर साठतात आणि डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षा दिल्या की नागरी परवान्यापर्यंतचा रस्ता छोटा होतो. माझे अनेक मित्र गेले. काहींना दलाने लवकर सोडलेच नाही. मला स्क्वॉड्रनचे नेतृत्व मिळण्याची शक्यता होती म्हणून मी थांबलो. पैशाच्या दृष्टीने तो तोट्याचा सौदा होता. पत्नीने बदल्यांपायी दोनदा नोकरी सोडली होती, तिच्या दृष्टीनेही तो सरळ सौदा नव्हता. स्क्वॉड्रन मिळाली, आणि ती दोन वर्षे मी कोणत्याही पगाराशी बदलली नसती. तिच्यानंतरची फायलींची वर्षे मात्र बदलली असती. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची मुदत चौदा वर्षांची, निवृत्तिवेतन नाही, त्यामुळे त्यांनी नागरी परवान्याचा विचार दहाव्या वर्षीच सुरू करावा.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. १९९४ मध्ये महिला वैमानिकांची पहिली तुकडी आली तेव्हा त्यांना ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर एवढेच खुले होते. जून २०१६ मध्ये पहिल्या तिघी फायटरमध्ये आल्या. त्यामुळे आज पसंतीचा अर्ज मुलामुलींसाठी एकच आहे.

त्या अर्जात काय लिहावे, असे विचारणाऱ्यांना मी इतकेच सांगतो, की फायटर हवे असेल तर पहिल्या क्रमांकावर निःसंकोच लिहावे. दुसरा क्रमांक मात्र घाईने भरू नये, कारण बऱ्याच जणांना पुढची वीस वर्षे तोच उडवायचा असतो. आणि पालकांनी वाटपाच्या संध्याकाळी फोन केला, तर तुकडीतल्या दुसऱ्या कोणाला काय मिळाले हे विचारू नये.