लाकडी सीताफळ : वरचा अर्धा गोळा तयार, आता मधला पट्टा

वरचे चार थर मशीनवरून उतरले आणि गोंद न लावता एकावर एक रचूनही पाहिले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. शिवणीच्या लाकडात 36 सेंमी व्यासाचं सीताफळ चाललंय, खऱ्या फळाच्या साधारण चौपट. आतून पोकळ, भिंत 4 सेंमी. सीएनसी राउटर म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं मशीन. त्याच्या गँट्रीखाली, म्हणजे टूल धरणाऱ्या आडव्या दांड्याखाली, 10 सेंमी जागा आहे आणि त्यातली निम्मी टूलच खातं, म्हणून गोळा 4.5 सेंमीच्या आठ थरांत कापलाय. सगळ्या थरांची रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकाच दिशेला ठेवली आहे. आडवी-उभी चिकटवली तर ऋतू बदलला की जोड ताणले जातात.

डोळ्यांची मांडणी गणिताने केली. सूर्यफुलाच्या बियांसाठी हेल्मुट फोगेल यांनी 1979 मध्ये दिलेलं सूत्र इथे अनेकांनी वापरलंय : पुढचा प्रत्येक बिंदू आधीच्यापासून 137.5 अंशांवर. ते सपाट चकतीसाठी आहे. गोळ्यावर काम उलट सोपं होतं, कारण गोलाचे सारख्या जाडीचे काप घेतले तर प्रत्येक कापाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सारखंच येतं. उंचीचे 144 समान भाग केले, दर भागाला 137.5 अंशांचं वळण दिलं, की प्रत्येक डोळ्याला साधारण सव्वापाच सेंमीची जागा मिळते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हे बसवायला वेळ लागत नाही.

स्क्रीनवर ते सुंदर दिसलं, पण सीताफळ काही वाटेना. मग सासवडकडची फळं आणून टेबलावर मांडली. रांग चार-पाच डोळे नीट जाते आणि मोडते. एक डोळा टपोरा, शेजारचा चेपलेला, एखाद्या फळाची एक बाजूच आत बसलेली. कारण फुलात आहे. सीताफळाच्या एका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात आणि ते सगळे मिळून एक फळ होतं, एकेका स्त्रीकेसराचा एकेक डोळा. परागकण आणतात ते बारीक भुंगेरे. त्यातून फूल आधी मादी अवस्थेत असतं आणि त्याचे स्वतःचे परागकण नंतर सुटतात. म्हणजे भुंगेरा दुसऱ्या फुलावरूनच यायला हवा. ज्या स्त्रीकेसरापर्यंत पराग पोचला नाही तिथे बी धरत नाही, तेवढा भाग खुरटतो. फळाच्या वाकडेपणात त्या फुलाकडे भुंगेरे किती आले, कुठवर पोचले, ते सगळं उमटलेलं असतं.

माझ्या मते कामाची वाटणी इथूनच करायला हवी. मांडणी मशीनची. कुठल्या डोळ्यात बी धरली आणि कुठल्यात नाही, ते हाताने कोरायचं. रँडम नंबर टाकून सॉफ्टवेअरमध्येही खडबडीतपणा आणता येतो, पण त्यात प्रत्येक डोळा सुटासुटा हलतो. फळात तसं होत नाही. खुरटलेल्या जागेकडे शेजारचे डोळे झुकतात, फुगून ती जागा दाबतात. जॉन एडमार्क यांची ‘ब्लूम्स’ शिल्पं याच 137.5 अंशांच्या कोनावर उभी आहेत आणि तिथे नियमाचाच आनंद आहे. मला मात्र झाडावरचं फळ हवंय.

मधल्या पट्ट्यात हात आपोआपच येतो. तीन अक्षांचं मशीन वरून खालीच उतरतं. गोळ्याच्या माथ्यावर त्याला डोळ्यांमधल्या सगळ्या खाचा मिळतात. पोटाजवळ पृष्ठभाग जवळजवळ उभा होतो, तिथे डोळ्याची खालची बाजू टूलच्या आड जाते. उभ्या खाचा निघतात, आडव्या राहतात. त्या मी गोल पटाशीने आणि मोगरीने (लाकडी हातोडीने) काढतोय. गोळ्याच्या दोन बाजूंना लाकडाचे तंतू आडवे तोडावे लागतात, तिथे मोगरी हलकी ठेवून अगदी पातळ सोलं काढावी लागतात. उरलेल्या दोन बाजूंना शिवण लोण्यासारखी कापली जाते. खाचेची खोली दीड सेंमी ठेवली आहे. फळ तोडायला आलं की डोळे उघडतात आणि मधल्या भेगा पिवळट पांढऱ्या दिसतात, तो क्षण मला हवाय. शिवणीचा मूळ रंगही तसाच फिकट आहे, त्यामुळे खाचांना काहीच लावणार नाही.

फिनिशिंग पासला, म्हणजे मशीनच्या शेवटच्या फेरीला, स्टेपओव्हर (टूलच्या दोन शेजारच्या वाटांमधलं अंतर) मुद्दाम 1.5 मिमी ठेवला. 6 मिमीच्या बॉलनोजने (गोल टोकाच्या टूलने) त्यातून येणाऱ्या रेघा नखाला जाणवतात. टपोऱ्या डोळ्यांवर त्या तशाच राहतील आणि खुरटलेल्यांवर पटाशीचे पैलू. पॉलिश पेपर कुठेच नाही. सगळं घासून गुळगुळीत केलं तर कुठे मशीन चाललं आणि कुठे हात, हे बोटांना कळणारच नाही.

पुढे खालचे चार थर, मग चिकटवणं. देठाचं अजून ठरलेलं नाही. लेथवर काढला तर फार नीट येईल असं वाटतं, म्हणून शिवणीचीच एखादी वाकडी फांदी वाळवून बसवायचा विचार आहे. असा जोड कुणी केला असेल तर फांदी किती वाळवली आणि खुंटी कशाची घेतली, ते जरूर सांगा.